साठ हातांचा वेळू, तीस हातांचे घर

एका राज्यात माणसे तोंड उघडण्याआधी एकमेकांकडे बघत असत. दोन बाया बाजारात वांगी घ्यायला उभ्या राहिल्या, की आधी एकमेकींच्या कानाशी लागत.

"जांभळी म्हणू की काळी?"

"जांभळी म्हण. मीही जांभळीच म्हणते."

मग दोघी मोठ्याने म्हणत, "जांभळी वांगी दे रे!" या रिवाजाला तिथे जुळवणी म्हणत. नवराबायको पाहुण्यांकडे जाण्याआधी दारातच जुळवणी करून घेत. पोट कुठे दुखते हे रोगी वैद्याला विचारूनच सांगे. खुद्द हेमांगद राजा बोलण्याआधी प्रधानाकडे पाही, प्रधान मान हलवी, मगच राजाचा शब्द बाहेर पडे.

याचे कारण होते साक्षशिळा. शंभर वर्षांमागे तिथे एक राजा होता. दोन साक्षीदार दोन गोष्टी सांगू लागले, की त्याचे डोके दुखे. त्याने भृंगनाद नावाच्या मायाव्याला बोलावले आणि सांगितले, "माझ्या राज्यात एका गोष्टीचं एकच खरं असावं."

"असेल," मायावी म्हणाला. "पण खरं एकच असतं, याची महाराजांना खात्री आहे ना?"

"आहे."

मायावी गालात हसला. दरबाराच्या मधोमध त्याने एक काळी शिळा बसवली, तिच्यामागे भिंतीत तीन कामांचा एक ताम्रपट ठोकला आणि तो निघून गेला. तेव्हापासून, दोघे त्या शिळेवर उभे राहिले आणि त्यांचे बोलणे जुळले नाही, तर शिळा दोघांतल्या एकाला धरी. दगड पावलांतून वर चढे आणि केसांच्या टोकापर्यंत पोचे. कोणाला धरील याचा नेम नसे. दरबाराच्या अंगणात असे एकशे अकरा जण उभे होते. कोणाचा हात अर्धा वर गेलेला, कोणाचे तोंड उघडे राहिलेले.

त्या राज्याची वेळही एकच होती. राजवाड्याच्या सज्जात तांब्याचे मोठे घंगाळ होते आणि त्यातल्या पाण्यावर तळाला भोक असलेले घटिकापात्र तरंगत असे. पात्र भरून बुडाले की एक घटका झाली. मग राखणदाराने घंटेवर टोला द्यायचा, पात्र उपसून पुन्हा पाण्यावर सोडायचे. ही राखणदारी रोहिता नावाच्या बाईकडे होती.

रोहिता तिशीची होती. आईबाप तापाने गेले तेव्हा तिचा भाऊ सोमकांत सहा वर्षांचा होता, आणि त्याला तिनेच वाढवले. आता तो बावीस वर्षांचा, राजाच्या पागेतला घोडेस्वार. त्याच्या अंगात एकच खोड होती. जे दिसे ते तो सांगे, जसे दिसे तसे सांगे, आणि कोणाशीही जुळवणी न करता सांगे. म्हणून रोहितेचा जीव बारा महिने टांगणीला असे. तो नजरेआड झाला, की ती मनातल्या मनात पळे मोजू लागे. साठ पळांची एक घटका. मोजता मोजता तिचे ओठ हलत, ते तिला कळतही नसे.

एके दिवशी सूर्यग्रहण लागले. राजज्योतिषी म्हणाला, "सकाळचा दहावा टोला आणि ग्रहणाचा स्पर्श, दोन्ही एकाच वेळी झाले." सगळ्या राज्याने माना डोलावल्या. सोमकांत तेव्हा पागेतली रश्मी घोडी दौडवत होता. तो परत येऊन भर चौकात म्हणाला, "माझ्या हिशोबाने ग्रहण आधी लागलं, टोला नंतर पडला."

संध्याकाळच्या आत शिपाई त्याच्या दारात आले.

"राजज्योतिष्यांसमोर शिळेवर उभा राहा," राजाने प्रधानाकडे पाहून सांगितले.

"उभा राहतो, महाराज. पण ताम्रपटाप्रमाणे," सोमकांत म्हणाला, आणि शिळेमागे जाऊन त्याने त्या हिरवट पत्र्यावर सरळ हात ठेवला.

ताम्रपटाला हात लावला, म्हणजे त्यावरची कामे पत्करली. शंभर वर्षांत ताम्रपटाला सहा जणांनी हात लावला होता, आणि सहाही जण अंगणात उभे होते. प्रधानाने ताम्रपट वाचला.

"पहिले. ज्याचे आयुष्य एक घटका, त्याला सात घटकांच्या वाटेवरून जिवंत आण. दुसरे. साठ हातांचा वेळू तीस हातांच्या घरात घाल आणि घराची दोन्ही दारे एकाच वेळी लाव. वेळू कापू नये, वाकवू नये. घर वाढवू नये. तिसरे. जे झाले ते दोघांनी शिळेवर सांगावे, एक ज्याने केले त्याने आणि एक ज्याने घटका मोजली त्याने. दोघांचे बोलणे वेगळे असावे आणि दोन्ही खरे असावे. तसे झाले तर शिळा फुटेल. न झाले तर शिळा आपले घेईल."

घटका मोजणारी कोण, हे कोणाला विचारावे लागले नाही. सगळ्यांच्या नजरा रोहितेकडे वळल्या.

घरी येताना ती म्हणाली, "तुझ्या जिभेला हाड नाही, सोमा."

"जिभेला हाड नसतंच, अक्का. म्हणून ती वळते."

"मग वळव की! ज्योतिषीबुवांशी जुळवून घे. एक वाक्य, सोमा. एका वाक्याने काय झिजतं तुझं?"

 त्याने वळून दरबाराच्या अंगणाकडे, त्या एकशे अकरा जणांकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताना रश्मीला खोगीर चढले. ही घोडी उजेडाच्या मागोमाग पळे. उजेडाला तिने कधी गाठले नव्हते, पण उजेडालाही तिला फार मागे टाकता येत नसे. निम्मा वेग ती हसत धरी. पुढे मात्र जितकी वेगात जाई तितकी ती ढकलायला जड होई, आणि शेवटच्या केसभर वेगासाठी तिला आधीच्या सगळ्या वेगाहून जास्त दम लागे.

जायचे होते धूसर डोंगरावर. तो इतका लांब होता, की तिथून निघालेला उजेड राजवाड्यात पोचायला सात घटका लागत. त्या डोंगरावर क्षणपाखरू जन्मे. अंड्यातून निघाल्यापासून ते एक घटका जगे आणि मरे. तेवढ्या वेळात उजेडसुद्धा वाटेचा सातवा हिस्साच कापू शकला असता. मग पाखरू जिवंत यावे कसे?

रोहितेने थालीपीठ तव्यावरून काढले, तसेच फडक्यात बांधून भावाच्या हातात दिले. एक छोटे घटिकापात्रही दिले. "मोजत राहा," ती म्हणाली. दुसरे काही तिला सुचले नाही.

घोडी निघाली. रोहिता सज्जातून पाहत होती. घोडी जसा वेग घेई तशी आखूड होत होती. तिची उंची तीच, सोमकांतचा फेटा होता तितकाच उंच, पण नाकापासून शेपटीपर्यंतची लांबी कोणी दोन तळहातांत दाबत असावे तशी कमी होत चालली. मग घोडी आणि भाऊ दोघेही लाल झाले, विझत्या निखाऱ्यासारखे झाले, आणि दिसेनासे झाले.

"सोमा!" ती ओरडली. पण आता ऐकायला कोण होते?

पात्र बुडाले. टोला. पात्र बुडाले. टोला. सातव्या टोल्याला ती पुटपुटली, "पोचला असेल." आठव्याला म्हणाली, "आता पाखरू मेलं असेल." अकराव्याला तिला पाणी प्यावेसे वाटले, पण घंगाळाजवळून उठवेना. चौदावा टोला पडला. वाट रिकामी होती. एक पळ. दोन पळे. तीन पळे. चौथ्या पळाला वाटेच्या टोकाशी निळेजांभळे काही चमकले, आणि ते दिसले न दिसले तोच रश्मी अंगणात उभी होती, लांबीरुंदीला पहिल्यासारखी, नाकपुड्या फुरफुरवत.

सोमकांतच्या मुठीत राखी रंगाचे पाखरू होते. ते जिवंत होते.

रोहितेने भावाला डोक्यापासून पायापर्यंत चाचपले. "चपटा झाला होतास रे! हाड मोडलं का कुठे?"

"मी? मला काही झालं नाही. वाटच आखूड झाली, अक्का. घोडीने वेग धरला आणि डोंगर हा असा कुंपणापाशी आल्यासारखा जवळ आला. तुझं पात्र जाऊन येऊन एकदा बुडालं, दुसऱ्यांदा अर्ध्यालाही आलं नाही." त्याने फडके सोडले. थालीपीठ अजून कोमट होते. तो उभ्याउभ्याच खाऊ लागला.

"मी चौदा टोले दिले, सोमा."

"मग आता तू माझ्याहून आणखी बारा घटकांनी मोठी झालीस. नमस्कार करताना जास्त वाकू का?"

रोहितेला हसू येईना. ती पाखराला म्हणाली, "बाबा, तू एक घटका जगणारा. सात घटकांच्या वाटेवरून जिवंत कसा आलास?"

"बाई, मी एक घटकाच जगतो. पळभरही जास्त नाही," पाखरू म्हणाले. "त्यातली अठरा पळं अजून उरली आहेत. तू सात मोजल्यास, त्या तुझ्या. माझं पीस घे. ते जाळून काजळ कर. ते डोळ्यांत घालशील तर पापणी लवायला लागतो तेवढ्या वेळाचे लाख तुकडे होतील, आणि एकेक तुकडा तुला निवांत दिसेल. पुढच्या कामाला लागेल."

तिने एक पीस उपटले. उरलेली अठरा पळे पाखरू तिच्या ओंजळीत बसून ऊन बघत राहिले. मग त्याची घटका भरली.

दुसऱ्या कामासाठी राजवाड्यासमोरच्या माळावर तीस हातांचे लांबट घर बांधले. त्याला समोरासमोर दोन दारे होती. सोमकांत मागच्या दाराने आत शिरणार आणि पुढच्या दाराने बाहेर पडणार. दारे वरून खाली पडणारी होती आणि त्यांच्या दोऱ्या दोन साळुंक्यांच्या चोचीत दिल्या होत्या. साळुंक्यांच्या डोळ्यांतही काजळ घातले होते. वेळू रोहितेने स्वतः तीनदा मोजला. तीनदा साठ हात भरला. घर तीनदा तीस हात भरले.

घराच्या बरोबर मधोमध, माळ्यावर, रोहिता आरसा घेऊन उभी राहिली. आरशावर फडके होते. "मी फडकं काढीन," ती साळुंक्यांना म्हणाली, "आणि आरशातला उजेड दोन्हीकडे धावेल. दोन्ही दारं माझ्यापासून पंधरा पंधरा हातांवर. म्हणजे तुम्हाला तो एकाच वेळी पोचेल. उजेड डोळ्यांवर आला की दार पाडा, आणि लगेच उचला."

"पुढचं दार उचलायला उशीर झाला तर?" पुढच्या दाराची साळुंकी म्हणाली.

"तर त्याचं भरीत," मागच्या दाराची म्हणाली.

"गप बसा गं!" रोहिता म्हणाली.  सकाळपासून तिने अन्नाला स्पर्श केला नव्हता.

लांबून रश्मी आली. तिच्या एका बाजूला साठ हातांचा वेळू वाटेच्या दिशेने, पुढेमागे सारखा बांधला होता, आणि वेळूच्या बरोबर मधोमध सोमकांत बसला होता. माळावर जमलेल्या लोकांना फक्त वाऱ्याचा सणका जाणवला. पण रोहितेच्या डोळ्यांत काजळ होते. तिच्यासाठी तो क्षण मळलेल्या कणकेसारखा ताणला गेला. साठ हातांचा वेळू धावता धावता जेमतेम तीस हातांचा उरला होता. त्याची जाडी तीच, लांबी निम्मी. त्याचे टोक आत आले, मग मध्यही मागच्या दाराच्या आत आला. तिने फडके ओढले. आरशातला उजेड एका वाटेने पुढच्या दाराकडे निघाला आणि दुसऱ्या वाटेने मागच्या दाराकडे. जमिनीवर हाताहातावर ओढलेल्या खुणा तो ओलांडताना तिला दिसला. इकडे पाच, तिकडे पाच. इकडे पंधरा, तिकडे पंधरा. वेळूची शेपटी मागच्या दाराच्या जेमतेम आत आली होती, टोक पुढच्या दाराच्या जेमतेम आत होते. दोन्ही दारे पडली. एकाच वेळी. सगळा वेळू आत, दोन्ही दारे बंद. लगेच पुढचे दार उचलले गेले आणि तिचा भाऊ बाहेर पडला.

रोहिता माळ्यावरून खाली उतरली.

"झालं?" राजाने विचारले.

"झालं, महाराज. दोन्ही दारं एकाच वेळी लागली."

माळावर जल्लोष झाला. सोमकांत घोडी वळवून आला, खाली उतरला, आणि लोक त्याला उचलू लागले तसा म्हणाला, "थांबा. दारं एकाच वेळी नाही लागली."

जल्लोष तिथेच थिजला. रोहितेने त्याला हाताला धरून घरामागे ओढत नेले.

"काय बोलतोस? मी पाहिलं!"

"मीही पाहिलं. माझ्याही डोळ्यांत काजळ होतं. अक्का, वेळू साठच हातांचा होता. माझा हात हाताएवढा, घोडी घोडीएवढी. घरच चपटं होऊन माझ्या अंगावर धावून आलं. पंधरा हात असेल नसेल. साठ हातांचा वेळू पंधरा हातांत मावेल तरी कसा? तू आरसा उघडलास. पुढचं दार उजेडाला सामोरं धावत येत होतं, मागचं दार उजेडापासून लांब पळत होतं. मग उजेड आधी कोणाला भेटेल? पुढचं दार आधी पडलं आणि उचललं गेलं. वेळूचं टोक बाहेर निघालं. मग कितीतरी वेळाने शेपटी आत आली आणि मागचं दार पडलं. दोन्ही दारं मिळून बंद अशी कधी नव्हतीच."

"तू चपटा झाला होतास म्हणून तुला तसं वाटलं!"

"मी नव्हे, तू! माळ्यावर कागदावर काढल्यासारखी उभी होतीस. एका बाजूने पाहिलं असतं तर दिसलीच नसतीस."

"तोंड सांभाळ. मोठी आहे मी तुझ्याहून."

"बारा घटकांनी जास्तच," तो म्हणाला. पण या वेळी तोही हसला नाही.

दुपारी प्रधान त्यांच्या घरी आला. उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकताच तो हळू आवाजात म्हणाला, "उद्या शिळेवर कानांत मेण घालून, पाठीला पाठ लावून उभं करतील. एकाचं दुसऱ्याला ऐकू येणार नाही. म्हणून आजच जुळवा. दोघांनी एकच सांगा, काहीही सांगा. शिळा फुटणार नाही, पण दोघं घरी याल. बाई, भावाला समजाव."

"मी जे पाहिलं ते सांगणार," सोमकांत आतून म्हणाला.

प्रधान निघून गेला. रोहिता चुलीपुढे बसून राहिली. आपण पाहिले ते खरे, यात तिला तीळभर शंका नव्हती. मग तो सांगतो ते खोटे असणार, कारण दोन वेगळ्या गोष्टी खऱ्या कशा असतील? आणि तो खोटा असेल तर उद्या शिळा त्यालाच धरील. तो तर ऐकणार नाही. मग उपाय एकच. आपण त्याचे सांगायचे. बोलणे जुळेल, शिळा गप्प राहील. एक वाक्य. एका वाक्याने काय झिजते? तिने ते वाक्य मनात पुन्हापुन्हा घोकले, आणि त्याला काही सांगितले नाही. सांगितले असते तर तो भांडला असता.

सकाळी दरबार भरला. दोघांच्या कानांत मेण घातले. पाठीला पाठ लावून दोघे शिळेवर उभे राहिले. रोहितेला भावाच्या पाठीची ऊब जाणवत होती. प्रधानाने हात वर केला आणि खाली आणला.

"पुढचं दार आधी लागलं," रोहिता म्हणाली, "मागचं नंतर."

आपलाच आवाज तिला कवटीच्या आत ऐकू आला. मग तिने समोर पाहिले. दरबाऱ्यांचे चेहरे पांढरे पडले होते. राजा आसनावरून अर्धवट उठला होता. आणि तिच्या पायांची बोटे गार पडली.

पहिल्यांदा तिला सुटल्यासारखेच झाले. मला धरलं, त्याला नाही. मग तिने मान वळवून खाली पाहिले. सोमकांतची पावलेही काळी झाली होती.

शंभर वर्षांत शिळेने कधी दोघांना धरले नव्हते. रोहितेने कानांतले मेण ओरबाडून काढले, मागे हात घालून त्याचेही काढले.

"काय सांगितलंस?"

"तुझं! दोन्ही दारं एकाच वेळी लागली म्हणून! तू?"

"मी तुझं सांगितलं!"

"का?"

"तुला वाचवायला! आणि तू जन्मात कधी जुळवणी केली नाहीस, आजच कुठे सुचली?"

"तुझे हात कापत होते काल, अक्का! पोळी तव्यावर टाकताना कापत होते!"

दगड गुडघ्यांवर आला. सगळा दरबार ओरडू लागला, "जुळवा! अजून जुळवा! लवकर जुळवा!" प्रधान हातातली काठी टाकून शिळेपर्यंत धावत आला. "एकच सांगा! कोणाचंही, पण एकच!"

दगड कमरेवर आला. रोहितेच्या तोंडापर्यंत शब्द आले होते: ठीक आहे, तुझंच, तुझंच सांगू या. पण एक गोष्ट तिला टोचली. तिने त्याचे सांगितले तेव्हा शिळेने तिला धरले. त्याने तिचे सांगितले तेव्हा त्याला धरले. शिळेने आज एकालाच खोटे ठरवले नव्हते. तिने दोघांना पकडले होते, आणि दोघेही खोटे बोलले होते, कारण दोघांनीही आपण न पाहिलेले सांगितले होते.

"सोमा," ती म्हणाली. छाती जड झाली होती आणि शब्द फुटायला वेळ लागत होता. "तू कुठे होतास?"

"वेळूच्या मधोमध. घोडीवर."

"मी घराच्या मधोमध होते. तू धावत होतास, मी उभी होते."

"माझ्या लेखी तू धावत होतीस, अक्का."

"असेन. तसंच सांग. तुझं तू सांग, माझं मी सांगते."

"आणि एकाला धरलं तर?"

 त्याचा हात अजून माणसाचा होता. तिने तो धरला. मग तिने आवाज चढवला, इतका की अंगणातही ऐकू जावा.

"मी घराच्या मधोमध उभी होते. तिथे मी जे पाहिलं त्यात दोन्ही दारं एकाच वेळी लागली."

"मी धावत्या वेळूच्या मधोमध होतो," सोमकांत म्हणाला. "तिथे मी जे पाहिलं त्यात घर पंधराच हातांचं होतं, पुढचं दार आधी लागलं, मागचं नंतर."

दगड खांद्यांवर होता. तो गळ्याशी आला आणि थांबला. एक पळ गेले. दोन गेली. रोहितेचे ओठ हलत होते, ती मोजत होती. तीन. चार. पायाखाली शिळा किरकिरली. एका गोष्टीची दोन बोलणी आली, की त्यातले एक खोटे मानून फेकायचे, एवढेच तिला शिकवलेले होते. आज तिने इकडे चाचपले, तिकडे चाचपले, फेकण्यासारखे काही सापडेना. पाचव्या पळाला ती उभी चिरली. सातव्या पळाला फुटली आणि तिचे खडे राजाच्या आसनापर्यंत उडाले. दोघांच्या अंगावरचा दगड पापुद्र्यापापुद्र्याने गळून पडला.

अंगणातून गलका उठला. एकशे अकरा माणसे एकाच वेळी आपापले अर्धे राहिलेले वाक्य पुरे करत होती, आणि एकाचेही दुसऱ्याशी जुळत नव्हते. कोणी उजवीकडे म्हणत होता, कोणी डावीकडे. एक म्हातारी विचारत होती, "माझी शेळी कुठाय?" दरबारी कानांवर हात ठेवून उभे होते. इतका आवाज त्यांनी जन्मात ऐकला नव्हता.

राजा आसनावरून खाली उतरला. त्याने सवयीने प्रधानाकडे पाहिले. प्रधान शिळेच्या तुकड्यांकडे बघत होता. मग राजाला स्वतःच विचारावे लागले.

"बाई, दोघांचंही खरं, हे मी मान्य केलं. पण अशाने राज्य चालायचं कसं? साक्ष काढायची कशी?"

"आधी विचारायचं, महाराज," रोहिता म्हणाली. तिचे पाय अजून बधिर होते, सोमकांतने तिला धरले होते. "तू कुठे होतास, आणि किती वेगात होतास? मग काय पाहिलंस ते. वेगळं आलं म्हणून कोणाला दगड करायचं नाही. एकाच्या जागेवरून दुसऱ्याला काय दिसलं असेल, ते बसून काढायचं. निघतं ते. वेळ लागतो."

 राजाने कपाळावरचा घाम पुसला. शंभर वर्षांची सवय पायाखालून गेली होती आणि कुठे पाय ठेवावा हे त्याला कळत नव्हते. "तुझी घटका वेगळी, त्याची वेगळी," तो म्हणाला. "तुझं घर तीस हात, त्याचं पंधरा. तुझी दारं एकाच वेळी, त्याची आधी-नंतर. मग तुम्हा दोघांना सारखं असं काहीच नाही का? धरायला एकही खुंटी नाही?"

भावाबहिणीने एकमेकांकडे पाहिले नाही. दोघेही विचारात पडले होते.

"तो आरशातला उजेड," सोमकांत सावकाश म्हणाला. "मी इतक्या वेगात होतो, म्हणून मला वाटलं की पुढे जाणारा उजेड मला रेंगाळताना दिसेल. मी त्याच्याकडे मुद्दाम टक लावून, वेळूवर हात मोजत पाहिलं, महाराज. तो जराही रेंगाळला नाही."

"मीही त्याच्याकडेच पाहत होते," रोहिता म्हणाली. "जमिनीवर खुणा होत्या."

"किती वेगाने पळत होता?" राजाने विचारले.

"काजळातल्या एका क्षणाला सत्तर हात," दोघे म्हणाले. दोघांचे शब्द एकमेकांवर पडले.

राजा दचकला. "हे जुळलं! हे तुम्ही जुळवलंत कधी?"

"जुळवलं नाही, महाराज," रोहिता म्हणाली. "उजेड दोघांनाही तेवढ्याच वेगाने पळताना दिसला. हीच तुमची खुंटी."

सांगणाऱ्याने ही कहाणी आपल्या जागेवरून सांगितली. ऐकणाऱ्याने ती आपल्या जागेवरून ऐकावी.